अर्धं जळालेलं पान

भट्टीवाल्याला गावात दोन कामांसाठी ओळखत. एक म्हणजे विटा. दुसरं काम त्याच्या बापाकडून आलेलं, बापाकडं आज्याकडून. जुन्या ग्रंथांना निरोप द्यायचं. झिजलेले, वाळवी लागलेले, पुठ्ठा सुटलेले पवित्र ग्रंथ आजूबाजूच्या गावांतून कापडात गुंडाळून त्याच्या दारात यायचे. ते उकिरड्यावर टाकता येत नाहीत, त्यांच्या पानांत सामान बांधता येत नाही, आणि पुरले तर एखादं जनावर उकरून काढतं. म्हणून भट्टी पेटवायच्या दिवशी पहिल्या तोंडात लाकडाच्या आधी ते जायचे.

त्याची पद्धत ठरलेली. चपला काढायच्या, हात धुवायचे, एकेक पान सुटं करायचं, त्याची पहिली ओळ मोठ्यानं वाचायची आणि हातानं आत ठेवायचं. फावड्यानं ढकलायचं नाही, चिमट्यात धरायचं नाही. बोटं भाजली तर भाजली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पान अर्धं राहता कामा नये. अर्धं जळालेलं पान वाऱ्यानं बाहेर आलं आणि कुणाच्या पायाखाली गेलं, तर त्याच्यासारखी विटंबना नाही. चाळीस वर्षांत त्याच्या हातून एक पान अर्धं राहिलं नव्हतं. त्याच्या उजव्या हाताची बोटं बघावीत, शेंड्याला कातडी गुळगुळीत, रेष म्हणून नाही. बायको चिडवायची, "तुमचा अंगठा कुठल्या कागदावर उठायचाच नाही. तुम्हाला फसवायचं म्हटलं तरी कुणी कसं फसवावं?"

त्याची थोरली मुलगी गावातच दिलेली, हाकेच्या अंतरावर. सासरचा धंदा माती खणायचा. ओढ्याकाठच्या खाणीत ती आणि तिचा नवरा पंधरा वर्षं माती काढत होते आणि ती सगळी माती बापाच्या भट्टीला यायची. मातीचं तिला फार कळायचं. चिमूटभर माती दाताखाली धरायची, जरा वेळ गप्प राहायची आणि सांगायची, ही वीट तडकणार, ही टिकणार. कधी चुकली नाही. भट्टीवाला एवढा जुनाजाणता माणूस, पण लेक माती चाखायला लागली की तोंड मिटून उभा राहायचा. असं काही आपल्याला येत नाही, हे त्याला कळत होतं.

गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा तीन दिवसांच्या तापात गेला. महिन्याभरानं थोरली एकटीच खाणीत उतरली. पाणी उपसलं, पायऱ्या परत कापल्या, कडेला लाकडाचे टेकू दिले. हंगाम तोंडावर होता. बापाच्या अंगणात नऊ हजार कच्च्या विटा वाळत पडल्या होत्या आणि भट्टी भरायला अजून तेवढ्याच हव्या होत्या.

अशात तिचा दीर आला. हा बाहेरगावी ट्रक चालवायचा. त्यानं आयुष्यात कुदळ धरली नव्हती. दोन माणसं घेऊन खाणीच्या काठावर उभा राहिला.

"वहिनी, वर ये."

"कशाला?"

"खाण आता माझ्याकडं आली."

थोरलीला हसूच आलं. "बरं. मग उतर की खाली. ह्या कोपऱ्यातलं खणून दाखव."

तो काही उतरला नाही. तो प्रार्थनाघराच्या वाचकाकडं गेला.

गावातले असले वाद वाचकापुढंच मिटायचे. वाचक म्हणजे म्हातारा, सडपातळ, साधा माणूस. कुणाचं कधी काही खाल्लं नाही, कुणाला उणं बोलला नाही. आवाज मात्र असा, की तो वाचायला लागला की रडणारं पोर गप्प व्हायचं. त्यानं अंगणात सगळ्यांसमोर ग्रंथ उघडला, बोट फिरवत फिरवत एका जागी थांबला आणि वाचलं: 'माती पुरुषाच्या हातून पुरुषाच्या हाती जावी. स्त्रीने माती वाहावी, माती मागू नये.'

सगळ्यांनी माना लववल्या. भट्टीवाल्यानंही लववली. सवयच ती.

"परत वाचा," थोरली म्हणाली.

वाचकानं परत वाचलं. आवाज तसाच गोड.

दीर पुढं आला आणि त्यानं तिच्या हातातली कुदळ काढून घेतली. "ही पण खाणीतलीच," म्हणाला. त्या कुदळीचा दांडा तिच्या नवऱ्यानं तिच्या हाताच्या मापानं तासला होता. तिनं ती घट्ट धरली नाही. एवढ्या लोकांसमोर ओढाओढ कशी करायची? हात उघडला आणि दिली. बाप बाकावर बसून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. एक अक्षर त्याच्या तोंडून निघालं नाही, खोटं कशाला सांगा.

संध्याकाळी ती माहेरी आली. तो विटा पालथ्या करत होता, तीही वाकून करायला लागली. दोन ओळी झाल्यावर म्हणाली, "बाबा, ही ओळ तुम्हाला ठाऊक होती?"

"वाचनात ऐकली असेल बाई. मान लववताना लक्ष कुठं असतं."

"किती ग्रंथ निरोपाला लावलेत आजवर?"

"मोजलेत कुणी."

"त्या प्रत्येकात हे पान असणार. दर वेळी तुमच्या हातातून गेलं असणार."

"मी पहिलीच ओळ वाचतो गं."

"ही सहावी आहे," ती म्हणाली, आणि पुढची वीट पालथी केली.

तीन दिवस भट्टीला माती आली नाही. चौथा दिवस आठवड्याच्या प्रार्थनेचा. लोक प्रार्थना आटोपून बाहेर येत होते, चपला शोधत होते, आणि थोरली अंगणाच्या मध्यावर उकिडवी बसलेली. पुढ्यात तीन काटक्यांचा जाळ. शेजारी पाण्याचा तांब्या. मांडीवर ग्रंथ, तिचा स्वतःचा, लग्नात बापानंच दिलेला. निळ्या पुठ्ठ्याचा, अजून कोपराही दुमडलेला नाही.

लोकांना आधी वाटलं, एखादं फाटकं पान असेल. भट्टीवाल्याची लेक, तिला हक्क आहे. ती अनवाणी होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले. ग्रंथ उघडून एक पान शिवणीपासून हळूच सोडवलं, जरासुद्धा फाटू दिलं नाही. पहिली ओळ वाचली, आणि थांबली नाही. दुसरी वाचली, तिसरी, चौथी, पाचवी. सहावी वाचली. मग मान वर करून सगळ्यांकडं बघत म्हणाली, "हे मला मान्य नाही. पंधरा वर्षं माती मी खणली. हे लिहिलं असेल कुणी, पण हे मला मान्य नाही." आवाज चढलेला नव्हता. दुपारच्या जेवणाला बोलवावं तेवढाच. आणि तिनं पान हातानं जाळावर ठेवलं.

भट्टीवाल्याच्या अंगावर सरसरून काटा आला. आयुष्यभर ज्या पानांना त्यानं डोक्याला लावून मग हात घातला होता, त्यांतलं एक, धडधाकट, भर दिवसा, आपल्या पोटच्या पोरीच्या हातानं. आणि त्याच वेळी, हे त्यानं पुढं बायकोलाच तेवढं सांगितलं, त्याला ती एवढी मोठी दिसली की तिच्याकडं बघवेना. ही आपल्या घरात, आपल्या मांडीवर वाढली? एवढ्या माणसांत एकटीनं मान वर करून बोलायचं हिला कुणी शिकवलं? आपण तर नाहीच.

तो तिला अडवायला पुढं झाला. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. पान अर्धंच पेटलं होतं, ते जाळावरून उचललं गेलं आणि लोकांच्या पायांकडं गेलं. लोक ओरडत मागं सरले. आणि भट्टीवाल्यानं काय करावं? चाळीस वर्षांचा हात तो. त्यानं चपला झटकल्या, वाकून ते जळतं पान बोटांत उचललं आणि परत जाळात ठेवलं. राख होईपर्यंत वर तळवा धरून बसला. राख झाल्यावर मान वर केली. सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं, आणि समोर बसलेली थोरलीही.

तिला त्याच संध्याकाळी पोलीस घेऊन गेले. तक्रार वाचकानं दिली होती, पवित्र ग्रंथाच्या विटंबनेची. खाली दिराची आणि आणखी तिघांची सही. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षं. तक्रारीत नाव एकट्या थोरलीचं होतं.

सव्वीस दिवस ती आत होती. ह्या सव्वीस दिवसांत ऊन चढलं, अंगणातल्या विटा वाळून खडखडीत झाल्या. अर्ध्या भट्टीला कुणी आग देत नाही, म्हणून ती तशीच तोंड वासून उभी राहिली. दोन गावांतून माणसं आली आणि निरोपाला ठेवलेली आपली गाठोडी परत घेऊन गेली. कुणी भांडलं नाही. गाठोडं काखेत मारायचं, "येतो" म्हणायचं आणि चालायला लागायचं. भट्टीवाला दारात उभा राहून त्यांना पाणी विचारायचा. कुणी घेतलं नाही.

त्यांना वकील मिळाला तो हुशार होता. चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "बाबा, सोप्पं आहे. तुम्ही फक्त चार वाक्यं बोलायची. ग्रंथ जुना होता. निरोपासाठी माझ्याकडं आला होता. मुलीनं आमच्या रीतीनंच पान जाळलं. जागा तेवढी चुकली. तिनं हात धुतले, चपला काढल्या, हे त्यांचेच साक्षीदार सांगतील. ती सुटली समजा."

"आणि ती बोलली ते?"

"ते तुम्हाला ऐकू आलं नाही. वय झालं तुमचं."

बायको म्हणाली, "ऐकू येत नाहीच ह्यांना. मी शंभरदा हाका मारते." मग तिचा चेहरा पडला. "तिला घरी आणा. मला बाकीचं काही कळत नाही, कळून घ्यायचंही नाही."

त्यानं बायकोला शब्द दिला. थोरलीला भेटायला गेला तेव्हा गजांतून तिलाही ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या तळहातांचे घट्टे काम नसल्यानं सुटायला लागले होते, त्यांच्या पांढऱ्या सालींशी ती चाळा करत होती.

"बाबा, तुम्हाला राग आलाय माझा."

"आलाय."

"येऊ दे. शिव्या द्या, घरात घेऊ नका. पण मी बोलले ते पुसू नका. जुनं पुस्तक होतं म्हणालात, तर मी काही बोललेच नाही असं होईल. मग एवढे दिवस मी कशाला काढले?"

"दोन वर्षं आहेत, पोरी."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. तिचा खालचा ओठ जरा हलला. म्हणजे ती घाबरलेली होती. घाबरलेली असून असं बोलत होती.

कोर्टाची खोली लहान होती, पंखा आवाज करणारा. न्यायाधीश बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्म्याला दोरी बांधलेली. पहिल्यांदा दीर उभा राहिला. त्यानं सांगितलं, वहिनीनं ग्रंथ पायाखाली तुडवला, त्यावर थुंकली. भट्टीवाला बाकावरून अर्धा उठला. वकिलानं त्याला दंडाला धरून बसवलं.

मग त्याचं नाव पुकारलं.

"त्या दिवशी काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा," बाई म्हणाल्या.

चार वाक्यं. रात्रंदिवस घोकलेली. "ग्रंथ," तो म्हणाला, आणि मान वर केली. समोर थोरली उभी होती. ती त्याला काही सुचवत नव्हती, विनवत नव्हती. नुसती बघत होती. माती दाताखाली धरल्यावर बघायची तसं.

"ग्रंथ नवा होता," तो म्हणाला. "मीच दिलेला, तिच्या लग्नात."

वकिलानं कपाळाला हात लावला. मागं बायकोनं श्वास आत ओढलेला त्याला ऐकू आला. एवढं मात्र ऐकू आलं.

मग त्यानं सगळं सांगितलं. "थुंकणं-तुडवणं खोटं आहे. तिनं हात धुतले, चपला काढल्या, पान सोडवलं, वाचलं. मान्य नाही म्हणाली. मग ठेवलं."

"तुम्हाला काय वाटलं?"

"भर चौकात कुणी माझ्या आईला शिवी द्यावी, तसं वाटलं."

"मग तुम्ही तिला अडवलं नाहीत?"

"अडवायलाच गेलो होतो. तेवढ्यात पान उडालं. अर्धं जळालेलं."

"आणि?"

"मी ते उचलून परत आत ठेवलं. अर्धं राहू देत नाही आम्ही. अर्ध्या पानाची जबाबदारी माझी आहे, बाईसाहेब. तिच्यावर गुन्हा असेल तर माझंही नाव घाला."

खोलीत कुजबुज उठली. बाईंनी तक्रारीचा कागद खालीवर बघितला. "हे ह्यात कुठंच नाही. वाचक, तुम्ही तिथं होतात. हे म्हणतात ते खरं?"

वाचक उठला. आधीच सांगितलं, माणूस खोटं बोलणारा नव्हता. "खरं आहे."

"मग ह्यांचं नाव का घातलं नाही?"

"ते वेगळं. ते आदरानं जाळतात. आमच्या घरचाही ग्रंथ त्यांनीच जाळलाय."

"हिनं हात धुतले होते?"

"होते."

"चपला?"

"नव्हत्या पायात."

"पान हातानं ठेवलं?"

"हो."

"मग फरक कुठं पडला?"

वाचक विचारात पडला. "ती आधी बोलली ना," तो शेवटी म्हणाला. "मान्य नाही म्हणाली."

"म्हणजे न बोलता जाळलं असतं तर चाललं असतं?"

वाचकाचा चेहरा बदलला. हे त्यानंही पहिल्यांदाच ऐकलं होतं, स्वतःच्याच तोंडून.

समोरचा वकील उठला. म्हणाला, लोकांच्या भावना दुखावल्या आहेत, आज हिला सोडलं तर उद्या कुणीही उठेल, ह्या म्हाताऱ्यालाच विचारा, त्याच्या मनाला किती लागलं.

"लागलं की," भट्टीवाला म्हणाला. "अजून लागतंय. पुढच्या वेळी पानाला हात घालीन तेव्हाही लागेल. पण साहेब, लागलं ते माझं मी बघेन. मला लागलं म्हणून तिला आत ठेवू नका."

त्याच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि पुसायला त्याला सुचलं नाही.

बाईंनी दुपारी निकाल वाचला. फार लांब नव्हता. तिनं स्वतःच्या मालकीच्या पुस्तकाचं पान जाळलं, कुणाला इजा केली नाही, कुणावर हात उगारायला कुणाला सांगितलं नाही. लोकांना दुःख झालं, ते खोटं नाही. पण दुःख देणारं बोलणं हेही बोलणंच असतं, आणि तिचं जाळणं हे तिचं बोलणं होतं. त्यासाठी तिला शिक्षा करता येणार नाही. खाण कुणाची, हा प्रश्न ह्या कोर्टापुढं नाही.

एका बाईनं कागदावरून दहा ओळी वाचल्या आणि शिपायानं बाजूचं फाटक उघडलं. भट्टीवाला त्या फाटकाकडं बघतच राहिला. एवढ्यानं उघडतं? मग थोरली बाहेर आली, आणि आईनं तिला आधी दंडावर एक चापट मारली, मग जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाप-लेक हातगाडी घेऊन लांबच्या माळावर गेले. तिथली माती रेताड. थोरलीनं दाताखाली धरली आणि थुंकून टाकली. तरी त्यांनी तीच भरली, दुसरी कुठून आणणार? महिनाभर असं चाललं. वाटेत खाण लागायची. दिरानं दोन मजूर लावले होते, त्यांनी टेकू न देता खणल्यानं एक कड ढासळली होती. थोरली तिकडं न बघता गाडी ओढायची. भट्टीवाल्याला मात्र दिसायचं, तिथं आलं की तिच्या मानेची शीर ताठ होते.

प्रार्थनाघरात ग्रंथ क्रमानं वाचला जायचा, आठवड्याला एक पान. वर्षाचं वाचन फिरून त्या महिन्याच्या शेवटी तेच पान आलं. वाचकानं मुद्दाम काढलं नव्हतं. घर गच्च भरलेलं. दीर पुढच्या रांगेत. बायकांच्या बाजूला थोरली आणि तिची आई. भट्टीवाला नेहमीच्या जागी, खांबापाशी.

वाचकानं पहिली ओळ वाचली. भट्टीवाल्याच्या ओठांनी ती आपोआप म्हटली. पाचव्या ओळीपाशी वाचकाचा आवाज अडकला. चाळीस वर्षांत तो कधी अडकला नव्हता. तो पाणी प्यायला आणि त्यानं सहावी वाचली. 'स्त्रीने माती वाहावी, माती मागू नये.' सगळ्यांच्या माना लवल्या.

भट्टीवाल्याची लवली नाही. त्या घरात वाचकाखेरीज कुणी कधी बोललेलं नव्हतं. त्याच्या बापानं नाही, आज्यानं नाही. तो गुडघ्यावर हात ठेवून उठला. गुडघा कडकन वाजला आणि माना वर आल्या.

"मला बोलायचंय," तो म्हणाला. आवाज एवढासा निघाला. खाकरून परत म्हणाला, "हा ग्रंथ माझा जीव की प्राण आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही ओळ मला मान्य नाही. खाण थोरलीची आहे."

बोलून झाल्यावर माणसानं काय करायचं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. वाचक ओळीवर बोट ठेवून त्याच्याकडं बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. काय होतं ते भट्टीवाल्याला ओळखता आलं नाही.

"बोलून झालं?" वाचकानं हळू विचारलं.

"झालं."

"मग बसा."

तो बसायला वाकला. तेवढ्यात बायकांच्या बाजूला कुणी उठल्याचा आवाज झाला. थोरली असेल म्हणून त्यानं बघितलं. थोरली खालीच बसली होती, तोंडावर हात धरून. उभी होती ती त्याची बायको. जिला बाकीचं काही कळत नव्हतं आणि कळूनही घ्यायचं नव्हतं, ती. पदर खोचलेला, मान वर.

"मलाही मान्य नाही," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली आणि घरात बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "तुम्ही बसू नका हो."

तो परत सरळ उभा राहिला.